पोट मऊ, गाठ नाही

माय, मी पुन्हा शिकायला लागलेय. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. एक्कावन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा बांधलेला, केसांना दर पंधरा दिवसांनी मेंदी, आणि दर रविवारी सकाळी नऊ वाजता अंबडच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून वही-पेन घेऊन बसते. दवाखाना सांभाळून करता येईल असा पोटविकारांचा, म्हणजे गॅस्ट्रोएंटरॉलॉजीचा, डॉक्टरांसाठीचा वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आम्ही तिसेक जण पडद्यावरच्या छोट्या चौकटींत बसतो. एक डॉक्टर वाटूरचे आहेत. त्यांनी माईक सुरू केला की आधी फाट्यावरचे ट्रक बोलतात आणि मग ते. शिकवणारे सर माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान. त्यांना सर म्हणताना पहिले दोन रविवार जीभ अडखळली, नंतर सवय झाली. घरात माझी चेष्टा चालते. आमचे हे पेपर घेऊन गॅलरीत बसतात आणि मध्येच आत डोकावून विचारतात, विद्यार्थिनीचा डबा भरायचा का. मी त्यांना हातानेच गप्प करते, कारण एकदा माईक सुरू असताना त्यांचं बोलणं तीस डॉक्टरांनी ऐकलं होतं.

लोकांना मी सांगते की हल्ली पोटाचे पेशंट फार वाढलेत, एम.बी.बी.एस.वर कुठवर रेटायचं, पुढचं शिक्षण राहून गेलं ते आता तरी करावं. हे खोटं नाही. पण नाव नोंदवलं त्या दिवशी माझ्या मनात पेशंट नव्हते, तू होतीस. तू जाऊन चौदा वर्षं झाली आणि चौदा वर्षं एकच प्रश्न मी कोणाला न विचारता बाळगलाय. त्या दिवशी तू माझ्या दवाखान्यात आलीस तेव्हा मी तुझ्या पोटावर हात ठेवला असता, तर तू वाचली असतीस का? हे कोणाला विचारावं? नवऱ्याला विचारलं तर ते म्हणतील, असा विचार करू नये. भावाला विचारायची हिंमत नाही. पुस्तकात उत्तर असेल, कोणातरी जाणत्या माणसाच्या तोंडून कधीतरी निघेल, अशा आशेने मी या वयात फॉर्म भरला. पहिल्या महिन्यात अन्ननलिका झाली, दुसऱ्यात जठर सुरू झालं. जठराच्या कॅन्सरचा धडा आला त्या रविवारी मी लाईट गेल्याचं कारण सांगून गैरहजर राहिले. लाईट होती.

तुला गावाकडच्या, धावड्याच्या सकाळी आठवतात का? मला तर तिथली एकेक सकाळ वेगळी सांगता येईल असं वाटतं. लोक उजाडायच्या आत यायचे, कारण पोट चोळायचं ते उपाशीपोटी, चहाचा घोटसुद्धा घेतलेला चालायचा नाही. कोणी कापसाचं गाठोडं उचललेलं असायचं, कोणी विहिरीवर मोटेच्या धावेवर घसरलेलं, कोणाला दोन दिवस मुरडा. सगळ्यांचं म्हणणं एकच, बेंबी सरकली. तू त्यांना ओसरीवर सतरंजीवर उताणं निजवायचीस, दोन्ही अंगठे जुळवून पावलं सारखी आहेत का बघायचीस, मग गुडघे उभे करायला लावायचीस. एरंडेलाची वाटी चुलीच्या कडेला कोमट होत असायची. आणि हात लावायच्या आधी तू स्वतःचे तळवे चुलीवर धरून शेकायचीस. थंडीच्या दिवसांत तर बराच वेळ धरायचीस. मी शेजारी अंकलिपी घेऊन बसलेली असायचे आणि मला त्या वेळेचा कंटाळा यायचा. मी पहिल्यापासून घाईची. तू अंगठा बेंबीत रोवून ठोका शोधायचीस, तो वर लागला की खाली आणायचीस, बाजूला लागला की मध्ये, आणि हे करताना तुझी नजर पोटावर नसायची. तू सगळा वेळ त्या माणसाच्या तोंडाकडे बघत असायचीस.

तुझे प्रश्नही ठरलेले. घास जातो का, परसाकडं कसं होतं, वारा सरतो का, वजन उतरलं का. आणि शेवटी एक, तो तू कधी विसरायची नाहीस: झोपंतून उठवतं का? दिवसा कितीही दुखो, तू घ्यायचीस. झोपेतून उठवणारं पोट तू घ्यायची नाहीस. हात जोडून म्हणायचीस, हे पोट माझ्या हाताचं न्हाई, दवाखान्यात दाखव. खालच्या आळीतल्या एका माणसाला बाजेवर टाकून आणला होता, तो तर तू हात टेकवल्याबरोबर मागे सरलीस. पोट पाटावाणी झालंय, म्हणालीस, याला पाणी बी पाजू नका, जल्दी भोकरदनला न्या. आतड्याला भोक पडलं होतं त्याच्या. तो वाचला आणि पुढे दर पोळ्याला आपल्याकडे पुरणपोळ्या यायच्या त्या त्याच्या घरून. तुझं सगळंच बरोबर असायचं असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एका पोरीचं पोट तू तीन सकाळी चोळलंस आणि चौथ्या दिवशी तिचं अपेंडिक्स फुटलं. जालन्याला ऑपरेशन होऊन ती जगली, पण तू महिनाभर कोणाच्या पोटाला हात लावला नाहीस. महिन्याने पुन्हा सुरू केलंस तेव्हा लेकरांसाठी एक नवा नियम आला होता. आधी अंगणात एका पायावर उडी मारून दाखवायची. उडी मारताना जे लेकरू पोट धरून खाली बसेल त्याला तू सतरंजीवर घ्यायचीच नाहीस, त्याच्या बापाला गाडी बघायला पाठवायचीस.

ही उडी मला यंदा पावसाळ्यात पुन्हा भेटली. सर लहान मुलांच्या पोटदुखीवर बोलत होते आणि सहज म्हणाले, अपेंडिक्सची शंका असेल तर मुलाला उडी मारायला सांगा, सोपी तपासणी आहे, यंत्र लागत नाही. मी वहीत लिहायचं सोडून पडद्याकडे बघत बसले. तुला हे कोणी शिकवलं होतं? त्या पोरीने दारातून आत येताना पाऊल कसं जपून टाकलं होतं, ते तू महिनाभर आठवत बसली असशील. माझ्या हातून झालेल्या चुकांचा मी असा महिनाभर विचार केल्याचं मला आठवत नाही.

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना दिवाळीला घरी आले तेव्हा मी तुझ्याशी भांडले होते. शरीररचनेचं जाड पुस्तक पिशवीतून वाहून आणलं होतं, ते तुझ्यासमोर उघडलं. बेंबी म्हणजे नाळ तुटल्याचा व्रण आहे, ती सरकत नाही, सरकूच शकत नाही, आणि तुझ्या अंगठ्याला लागतो तो ठोका पाठीच्या कण्यापुढून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा. तू भाकरी थापत होतीस. चित्राकडे नीट बघितलंस, पिठाचं बोट लागू नये म्हणून लांबूनच. मग तव्यावरची भाकरी उलटून तू विचारलंस, ‘मंग उतरतं कसं?’ मी म्हणाले, ते आपोआपच उतरलं असतं. तू म्हणालीस, ‘आसंल. पर मंग ते लोकं इतक्या लांबून येऊन काहून राह्यले?’ तू हे चिडून म्हणाली नव्हतीस. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी पुस्तक मिटलं आणि तुला अडाणी म्हणाले.

त्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे, निदान अर्धं तरी. पोटात सोडलेल्या दुर्बिणीत काही दिसत नाही, रक्त साफ, सोनोग्राफी साफ, आणि तरी पोट खरोखर दुखतं, असे निम्मे पेशंट असतात, असं सरांनी सांगितलं. आतडं आणि डोकं यांचं एकमेकांशी बोलणं चालू असतं, ते बिघडतं. अशा माणसाला तुम्हाला काही झालेलं नाही असं म्हणून वाटेला लावू नका, त्याला वेळ द्या, नीट तपासा, दुखणं खरं आहे हे त्याला कळू द्या, तिथून बरं होणं सुरू होतं. कोमट हात, उभे गुडघे, कोणीतरी आपल्या तोंडाकडे लक्ष देऊन बघतंय. पुढे पंधरा दिवस प्रत्यक्ष शिकायला संभाजीनगरच्या एका हॉस्पिटलात जावं लागलं. तिथे पहिल्याच पेशंटपाशी मी नकळत दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि दुखऱ्या जागेपासून लांबून सुरुवात केली. सर म्हणाले, मॅडम, कुठे शिकलात? बाकी सगळे पोटाकडे बघतात, तुम्ही चेहऱ्याकडे बघता. मी म्हणाले, घरी. त्यांना वाटलं घरात कोणी डॉक्टर असेल. माय, त्या क्षणी तू मला इतकी हवी होतीस की पेशंटच्या पोटावरचा हात उचलावासा वाटेना.

इथे अंबडला दवाखाना सुरू करून दुसरं वर्ष असेल. तू आठ दिवस राहायला आलीस. बाहेर बाकावर एक बाई कळवळत होती, तिच्या नंबराला वेळ होता. मी पेशंट संपवून दार उघडते तर ती बाकावर उताणी आणि तू तिच्या पोटावर वाकलेली. बसलेले सगळे मान वर करून बघताहेत. माझं डोकंच फिरलं. एवढ्या लोकांसमोर, आत डिग्री टांगलेली आणि बाहेर हे. मी म्हणाले, ‘माय, हा दवाखाना आहे. तुझे हे धंदे इथे नकोत.’ धंदे हा शब्द मी वापरला. तू कधी कोणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नव्हतंस आणि मी धंदे म्हणाले. तू पदराने हात पुसलेस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेलीस. पुढच्या दिवाळीला मी धावड्याला आले तर उजाडताना ओसरीवर कोणीच नव्हतं. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, आता पोरगी डाक्टर हाय, लोकं तिकडंच जातेत. लोक जात नव्हते, तूच त्यांना परत पाठवत होतीस, हे वहिनीने मला नंतर सांगितलं. मी त्यावर तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. बोलायचं तर होतं.

आणि मग तो दिवस. बाजाराचा दिवस होता, तापाची साथ होती, बाहेर बसायला जागा नव्हती. तू धावड्याहून तीन गाड्या बदलून आलीस आणि घरी न जाता सरळ दवाखान्यात आलीस. माझ्या दवाखान्यात औषधं देणारी सिस्टर तेव्हा नवीनच होती, तिला तू कोण ते माहीत नव्हतं. तू तिच्याकडून चारचौघांसारखा केस पेपर करून घेतलास, बाकावर बसलीस आणि नंबर आल्यावर आत आलीस. मी चिडलेच, म्हणाले, लाईनीत कशाला बसलीस. तू म्हणालीस, सगळेच बसलेत की. मग सांगितलंस, दोन महिने झाले, दोन घासांतच पोट भरून राह्यलं, इथं काळजाखाली जड जड वाटतं, लुगडंबी सैल व्हायलंय. मी ऐकत होते, पण लॅबवाल्याचा फोन कानाला होता. तू आपल्या आपण तपासायच्या टेबलावर चढलीस, उताणी झालीस, गुडघे उभे केलेस आणि पदर बाजूला घेतलास. ‘जरा हात लावून बघ,’ म्हणालीस. मी खुर्चीतूनच म्हणाले, ‘ऊठ गं, काही नाही, अ‍ॅसिडिटी आहे. तिखट कमी कर.’ तू थोडा वेळ तशीच पडून राहिलीस. माझा फोन संपायची वाट बघत असशील. फोन संपला तेव्हा मी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली. तू पदर सारखा केलास, टेबलावरून हळूच उतरलीस आणि बरं म्हणालीस.

पाच महिन्यांनी, संक्रांतीला मी वाण घेऊन आले तेव्हा तू अर्धी झाली होतीस. स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो, पाटावर तिळाचं कूट होतं. तू माझा हात धरलास आणि लुगड्याच्या निरीच्या वर, बरगड्यांच्या मध्ये ठेवलास. माझ्या बोटांना ती गाठ लागली, कच्च्या पेरूएवढी. तू म्हणालीस, ‘आता झोपंतून उठवून राह्यलं, बाई.’ बस एवढंच. ते वाक्य ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते, अर्थ सांगायची गरज नव्हती. मग संभाजीनगर, दुर्बीण, जठराचा कॅन्सर, यकृतावर पसरलेला. पुढचे सहा महिने मी तुझ्यासाठी करायचं ते सगळं केलं, डॉक्टर म्हणून आणि लेक म्हणून. रोज तुझ्या पोटावर हात ठेवायचे. तेव्हा काय उपयोग? श्रावणात तू गेलीस. बाजाराच्या त्या दिवसाबद्दल तू कधी बोलली नाहीस आणि मीही नाही. मला वाटायचं तू विसरली असशील, किंवा माझ्यावर दया करत असशील. दोन्हींपैकी कोणतं खरं हे ठरवायला मला भीती वाटायची.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या पाहण्यातली एक केस मांडायची असते, निदानाला उशीर झालेली. नाव, गाव काही सांगायचं नाही. मी दुसरी केस शोधलीच नाही. कपाटातली तुझी फाईल काढली, चौदा वर्षांनी. सगळ्यांत खाली, सगळ्यांत आधीचा कागद म्हणून, माझ्याच दवाखान्याचा तो केस पेपर होता. वर तुझं नाव सिस्टरच्या अक्षरात. खाली माझ्या अक्षरात तक्रार, गोळ्या, आणि मध्ये एक ओळ: पोट मऊ, गाठ नाही. मला ती लिहिल्याचं आठवतही नव्हतं. माय, तुला हे कसं समजावू. आम्ही डॉक्टर लोक ही ओळ रोज लिहितो. गर्दी असली की हात न लावताही लिहितो, सही केल्यासारखी, पेन आपोआप चालतं. चार शब्दांत बसणारी ही ओळ मी आयुष्यात किती पोटांवर अशी लिहिली असेन, देव जाणे. पण तू त्या टेबलावर गुडघे उभे करून पडलेली असताना, तुझ्याकडे न बघता, मी ती लिहिली होती.

कागद हातात घेऊन मी दवाखान्यात गेले आणि सिस्टरला विचारलं, तुला तो दिवस आठवतो का. ती आता माझ्याकडे मुरलेली बाई आहे, मला न घाबरणारी. तिला आठवत होता. गोळ्या देताना तू तिला विचारलं होतंस, डाक्टरीणबाईनं कागदावर काय लिव्हलं ते वाचून दाखव. तिने वाचून दाखवलं, पोट मऊ आहे, गाठ नाही. ती म्हणाली, मॅडम, आजी हसल्या आणि मला म्हणाल्या, ‘लई शिकलं की हात बी लावायचं काम पडत न्हाई व्हय?’ सिस्टरला तेव्हा वाटलं, तू डॉक्टरीणबाईचं कौतुक करतेस. तिला ती गंमत म्हणूनच इतकी वर्षं लक्षात होती. म्हणजे तुला माहीत होतं. विसरली नव्हतीस. तो कागद तू पाच महिने ट्रंकेत जपून ठेवलास म्हणूनच तो फाईलमध्ये आला, आणि संक्रांतीला माझा हात धरून गाठीवर ठेवलास तेव्हाही त्या ओळीचा विषय काढला नाहीस. तू दोन शब्द बोलली असतीस तर बरं झालं असतं. तुझी बोलणी मी खाल्ली असती. हे तुझं न बोलणं मला पचत नाही.

मागच्या रविवारी मी केस मांडली. अठ्ठावन्न वर्षांची शेतकरी महिला, दोन महिन्यांपासून थोड्या जेवणात पोट भरणे, वजन कमी. पहिल्या भेटीत पोट मऊ, गाठ नाही. कागदावर होतं तेच वाचलं. वाचताना थांबायला हवं होतं, दोन सेकंद थांबलेही, पण वाटूरच्या डॉक्टरांकडे हॉर्न वाजला आणि मी पुढे गेले. पाच महिन्यांनी हाताला लागणारी गाठ, निदान, मृत्यू. शेवटी मी माझा प्रश्न विचारला, जमेल तितक्या कोरड्या आवाजात. सर, पहिल्या भेटीत काही वेगळं करता आलं असतं का? सर म्हणाले, वय आणि उतरलेलं वजन बघता दुर्बिणीने तपासायला पाठवायला हवं होतं, हे तर आहेच. पण गाठ तेव्हा हाताला लागत नव्हती, म्हणजे बाहेरून कळण्यासारखं काही नव्हतं. एवढ्या वर्षांपूर्वी, तालुक्याच्या गावी, इतक्या गर्दीत, बहुतेकांनी गोळ्याच दिल्या असत्या. ‘मी त्या डॉक्टरला फार दोष देणार नाही,’ ते म्हणाले. ‘त्याने निदान पोटाला हात लावून तरी बघितलं. हल्ली तेवढंही कोणी करत नाही.’ मग त्यांनी विचारलं, ही केस तुमच्या ओळखीच्या डॉक्टरची का? मी हो म्हणाले.

म्हणजे चौदा वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं आणि ते माझ्याच खोट्या ओळीवर उभं आहे. खरं उत्तर फक्त तुझ्या पोटाला ठाऊक होतं आणि ते विचारायची वेळ मी घंटी वाजवून घालवली. सरांना फोन करून सगळं सांगता येईल. त्यांचा नंबर आहे माझ्याकडे. आठवडाभर मी तो लावलेला नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून तुला मात्र खरं सांगते. सरांचं ते बोलणं ऐकलं तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, अजून वाटते. पण त्या वेळी, लॅपटॉप मिटून उठले तेव्हा, मला हलकं वाटलं. हे म्हणाले, आज चेहरा उजळलाय, पास झालीस वाटतं. मी पानं घेतली, भाकरी वाढली, ठेचा वाढला, आणि माय, त्या दुपारी मी पोटभर जेवले.